दोन प्लाझ्मांतला फरक माहितीपत्रकात सापडत नाही

दोन सारखे प्लाझ्मा टीव्ही समोर असले की एक सल्ला हमखास मिळतो. तो साधारण असा: "आकार सारखा असेल तर कॉन्ट्रास्टचा आकडा मोठा असलेला, 600 हर्ट्झवाला, फुल एचडी उचला. तरी ठरत नसेल तर दोन्ही शेजारी लावा आणि जास्त उजळ दिसेल तो घ्या. फार जुना असेल तर नकोच, आतला गॅस संपत आलेला असतो."

यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीच्या टीव्हीकडे नेतं. पॅनासोनिकने 2013 च्या अखेरीस प्लाझ्मा पॅनल बनवणं थांबवलं, सॅमसंगने 2014 मध्ये. म्हणजे आता मिळेल तो बहुधा वापरलेलाच, आणि निवड चुकली तर बदलून देणारं कुणी नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

कॉन्ट्रास्टचा आकडा आधी. सर्वांत उजळ पांढरा भागिले सर्वांत गडद काळा, इतकंच हे गुणोत्तर आहे. खालची संख्या शून्याजवळ नेली की उत्तर हवं तितकं फुगतं. काही संच पूर्ण काळी चौकट (चित्राची एक फ्रेम) आली की सगळ्या पेशी, म्हणजे पडद्यातले गॅस भरलेले सूक्ष्म कप्पे, विझवतात. तेव्हा मोजलं की आकडा लाखांत जातो, पण त्याच काळ्या आभाळात एक चांदणी उगवली की पेशी पुन्हा जाग्या होतात आणि काळा परत करडा दिसतो. शिवाय मोजण्याची पद्धत कंपनीगणिक वेगळी, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून काही कळत नाही.

खरी गोष्ट पेशीच्या आत आहे. निऑन आणि झेनॉनच्या मिश्रणातून वीज गेली की अतिनील किरण निघतात, ते फॉस्फर या चमकणाऱ्या लेपावर पडून रंग उजळतो. पेशी चटकन पेटावी म्हणून तिला आधीपासून थोडं चेतवून ठेवावं लागतं, आणि त्या चेतवण्याचा अंधुक उजेड हाच आपल्याला दिसणारा 'काळा'. पायोनियर कंपनीच्या कुरो नावाच्या टीव्हींचं इतकं नाव झालं ते हाच उजेड खूप खाली आणल्यामुळे. कुरो म्हणजे जपानीत काळा. तेव्हा आकडा वाचत बसू नका. दिवे मालवा, दहा मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या आणि वर-खाली काळ्या पट्ट्या असलेला सिनेमा लावा. मधलं चित्र चालू असताना त्या पट्ट्या किती काळ्या राहतात, तो त्या संचाचा खरा कॉन्ट्रास्ट.

"जास्त उजळ तो घ्या" हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. दोन चित्रं शेजारी असली की डोळा उजळाकडेच झुकतो, आणि तो उजळपणा बहुतेकदा पॅनलचा नसून डायनॅमिक मोडचा, म्हणजे चित्र भडक करणाऱ्या सेटिंगचा असतो. त्यात प्लाझ्माची आणखी एक खोड आहे. पडदाभर पांढरं आलं की वीज मर्यादेत ठेवण्यासाठी संच स्वतःहून उजेड कमी करतो. बर्फाचं दृश्य मंद आणि रात्रीतला एकटा दिवा झगझगीत, हे एकाच टीव्हीवर घडतं. म्हणून शेजारी जरूर लावा, पण दोन्हींवर सिनेमा मोड, तोच प्रसंग, आणि खोलीतला उजेड आपल्या घरी असतो तसा.

मी स्वतः असे दोन 50 इंची संच पाहिले. एकाच कंपनीचे, एकाच सालचे, मॉडेल मागेपुढे. दिवसा खिडकीसमोर एकाचा काळा राखाडी दिसत होता आणि दुसऱ्याचा काळाच. पडदे ओढले तर दोघांत फरक उरला नाही. पॅनल बहुधा तेच होतं; वेगळा होता तो पुढच्या काचेवरचा फिल्टर. रात्रीच सिनेमे पाहणाऱ्याने त्यासाठी जादा पैसे मोजायची गरज नाही. माझ्या खोलीत दिवसभर ऊन असतं, म्हणून मी फिल्टरवाला घेतला.

600 हर्ट्झबद्दल थोडक्यात. प्लाझ्माची पेशी अर्धवट पेटत नाही, पेटते किंवा विझते. छटा तयार होतात त्या किती वेळा चमकली त्यावर. सेकंदाला 60 चौकटी गुणिले 10 चमका-गट, किंवा 50 गुणिले 12, म्हणजे 600. त्या 600 चौकटी नव्हेत. त्यापेक्षा सिनेमाच्या शेवटची, काळ्यावरून सरकणारी पांढरी नामावली लावा आणि अक्षरांमागे पिवळी-हिरवी शेपटी दिसते का पाहा. ती काहींना अजिबात दिसत नाही, काहींना ती सहन होत नाही; स्वतःच्या डोळ्यांनी ठरवावं लागतं.

फुल एचडीचं उत्तर अंतरात आहे. 50 इंची फुल एचडी (1920 गुणिले 1080 ठिपक्यांच्या) पडद्यावरचा एक ठिपका साधारण 0.58 मिलिमीटर, 1366 गुणिले 768 वाल्यावर 0.81. निरोगी डोळा कोनाच्या एका मिनिटापर्यंतचा (अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा) तपशील ओळखतो, या हिशेबाने फुल एचडीचा पूर्ण फायदा सुमारे दोन मीटरपर्यंत, आणि पावणेतीन मीटरच्या पलीकडे फरक जवळजवळ संपतो. पट्टी घेऊन सोफ्यापासून मोजा.

राहिला गॅस. पेशी हवाबंद असतात, गॅस जळून संपत नाही. झिजतो तो फॉस्फर, आणि नंतरच्या पॅनलांसाठी कंपन्यांनी उजेड निम्मा व्हायला 1,00,000 तास सांगितले होते. रोज आठ तासांनी 34 वर्षं. जुन्या संचात आधी दगा देतो तो वीजपुरवठ्याचा किंवा पॅनल चालवणारा बोर्ड. म्हणून तास भरपूर वापरलेला पण बोर्ड धड असलेला संच सरसकट नाकारू नका. पडद्यावर सपाट करडा रंग लावून कोपऱ्यांत वाहिनीच्या बोधचिन्हाची सावली शोधा. तासभर हलतं चित्र चालवून ती पुसट झाली तर तात्पुरती छाप. तशीच राहिली तर डाग कायमचा.

शेवटी आवाज बंद करून पांढरा पडदा लावा आणि ऐका. बहुतेक प्लाझ्मा थोडे गुणगुणतात, उंच ठिकाणी विरळ हवेत जास्त. मी घेतलेला संच जवळून दुसऱ्यापेक्षा मोठ्याने गुणगुणत होता. तीन मीटरवर, माझ्या खुर्चीत, ऐकू येत नव्हता.