साखळी प्रवाशाची, पण दार कोणाचं?

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रागाची आहे, पण त्यातले मुद्दे उडवून लावण्यासारखे नाहीत. म्हणून दोन ओळींत न आटोपता सविस्तर लिहितेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आमच्या शेजारच्या मावशी दिल्लीहून नागपूरला येत असताना रात्री स्लीपरमधून त्यांची बॅग चोरीला गेली, त्यावर मी मागे लिहिलं होतं. काकांचं म्हणणं असं : साखळी-कुलूप शंभर-दीडशेत मिळतं, ते लावायचं नाही आणि मग रडायचं; पोलीस काय प्रत्येक बर्थपाशी उभा करायचा? शिवाय सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय की चोरीला रेल्वे जबाबदार नाही. आणि शेवटी, "घरी बसून रेल्वेले शिव्या देणं सोपं असते." काकांची उभी नोकरी रेल्वेत गेली, त्यामुळे हे त्यांना लागलं असेल, ते मी समजू शकते.

आधी साखळीचं. मावशींची बॅग बांधलेलीच होती. सीटखालच्या लोखंडी कडीत साखळी ओवून त्यांनी कुलूप लावलं होतं. सकाळी त्या कडीला साखळीचा अर्धा तुकडा तसाच लटकत होता आणि जिथे कापला होता ते टोक चकचकीत होतं. म्हणजे कापायचं हत्यार घेऊन कोणीतरी आरक्षित डब्यात शिरलं, वाकून बसलं, साखळी तोडली आणि निवांत उतरून गेलं. बॅगेत सोनंनाणं नव्हतं. डोळ्यांच्या ऑपरेशनची फाईल, बँकेचं पासबुक, बीपीच्या गोळ्या आणि लेकीनं दिलेली साडी. सोनं अंगावर-बॅगेत घेऊन फिरू नये, हे तुमचं शंभर टक्के खरं, पण इथे तो प्रश्नच नव्हता.

आता सुप्रीम कोर्ट. 2023 च्या त्या निकालाचा हवाला तुम्ही दिलात, पण ते प्रकरण काय होतं तेही बघा. त्या प्रवाशाच्या कमरेच्या पट्ट्यातले 1 लाख रुपये गेले होते. पैसे त्याच्या अंगावर होते. स्वतःजवळची वस्तू त्याला सांभाळता आली नाही, तर रेल्वेच्या सेवेत त्रुटी आहे असं म्हणता येणार नाही, असं कोर्ट म्हणालं. त्यावरून रेल्वे कधीच जबाबदार नसते, असा अर्थ निघत नाही. रेल्वे कायदा 1989 चं कलम 100 सांगतं की प्रवाशानं स्वतःबरोबर नेलेल्या सामानाची जबाबदारी रेल्वेवर येते, पण कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध झालं तरच. सिद्ध करणं कठीण आहे, मान्य. पण ते झालेलं आहे. 2017 मध्ये अमरकंटक एक्सप्रेसच्या स्लीपरमधून दुर्गच्या एका प्रवाशाचं सामान गेलं, तेही साखळीनं बांधलेलं. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं 2024 मध्ये त्याला सुमारे 4.7 लाख रुपये द्यायला लावले. कारण काय, तर आरक्षित डब्यात बाहेरची माणसं शिरली आणि ती रोखणं हे डब्यातल्या कर्मचाऱ्यांचं काम होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, काका. बर्थपाशी पोलीस कोणीच मागत नाही. मी रिझर्वेशनचे पैसे भरते ते फक्त झोपायला फळी मिळावी म्हणून नाही. रात्री दहानंतर त्या डब्यात तिकीट नसलेला माणूस फिरणार नाही, हेही त्यातच येतं. साखळी मी लावीन, पण दाराकडे तुम्ही बघा.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते आणि तिच्यावर तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. चोरी लक्षात आल्यावर मावशी वाटेतल्या एका स्टेशनावर चौकीत गेल्या. "इथे झाली नाही, जिथे झाली तिथे जा," असं उत्तर मिळालं. गाडी सुटायच्या धास्तीनं बाई धावत परत आल्या. नागपूरकरांनी तर हे नीट समजून घ्यायला हवं. आपल्याकडून दिल्लीच्या बाजूला नरखेड सोडलं की मध्य प्रदेश, हावड्याकडे गोंदियानंतर छत्तीसगड आणि दक्षिणेला बल्लारशाह ओलांडलं की तेलंगणा. प्रवाशाच्या चोरीचा तपास आरपीएफ, म्हणजे रेल्वेचं स्वतःचं सुरक्षा दल, करत नाही, तो त्या त्या राज्याच्या लोहमार्ग पोलिसांकडे असतो. झोपेत चोरी झालेल्या माणसानं नेमकं राज्य कसं सांगायचं?

ते सांगायची गरजच नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते आणि तिची प्रत फुकट मिळते. प्रवास मोडायचीही गरज नाही. तक्रारीचा फॉर्म टीसी, गार्ड किंवा गाडीतल्या आरपीएफ जवानाकडे मागायचा, भरून द्यायचा. तो पुढच्या स्टेशनावर लोहमार्ग पोलिसांकडे जातो. 139 या रेल्वेच्या हेल्पलाइनवर फोन करून किंवा रेलमदद ॲपवर पीएनआर टाकून लगेच कळवायचं, म्हणजे वेळेची नोंद राहते. मोबाईल गेला असेल तर एफआयआरच्या आधारे सीईआयआर या हरवलेल्या-चोरीच्या मोबाईलसाठीच्या सरकारी पोर्टलवर तो ब्लॉक करता येतो. आणि तिकिटाबरोबरच्या 45 पैशांच्या विम्यावर भिस्त ठेवू नका. तो अपघातासाठी आहे, बॅगेसाठी नाही.

"काय होणार तक्रार करून," असं म्हणून लोक घरी जातात, हेच मला थांबवायचं आहे. तक्रार नसेल तर कागदावर चोरीच नाही, मग त्या गाडीला जादा पहारा कशाच्या जोरावर मागायचा?

रेल्वे काहीच करत नाही, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. 2025 मध्ये सुमारे 74,000 डब्यांत सीसीटीव्ही बसवायचा निर्णय झाला, प्रत्येक डब्यात चार कॅमेरे, दाराच्या बाजूंना. फार चांगली गोष्ट आहे. त्यानं चोर ओळखता येईल, पण रात्री दार बंद आहे का हे बघायला माणूसच लागेल.

इथे तुमची मदत हवी आहे. रात्रीच्या ड्युटीत एका टीसीच्या वाट्याला किती डबे येतात, मधली दारं बंद ठेवायला गेलं की वेटिंगवाले कसे भांडतात, स्टेशनाबाहेर आउटर सिग्नलला गाडी थांबली की कोणत्या बाजूनं माणसं चढतात, हे आतून पाहिलेल्या माणसानं सांगायला हवं. तुम्ही लिहून पाठवा, काका. तुमच्याच शब्दांत, एक अक्षर न बदलता छापते.