बातमीने दंगल होत नाही? होते, आणि टळतेही

गोव्यातल्या मराठी गटांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: माध्यमं म्हणजे नुसता आरसा. दंगल किंवा युद्ध व्हायचंच असेल तर ते बातमीने पेटत नाही आणि बातमीने थांबत नाही. रवांडाची उदाहरणं अडाणी समाजाची, शिकल्यासवरल्या गोव्याला ती लागू नाहीत. आणि एवढीच भीती असेल तर तणावाच्या दिवसांत बातम्याच बंद ठेवा. हे पुढे पाठवणारी बरीच माणसं भली आहेत, म्हणूनच एकेका मुद्द्याला उत्तर द्यायला हवं.

'माध्यमं म्हणजे आरसा.' २००८ चा मुंबई हल्ला आठवा. नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून दोराने उतरणारे कमांडो आपण घरबसल्या पाहत होतो. तीच दृश्यं परदेशात बसलेले सूत्रधारही पाहत होते आणि फोनवरून अतिरेक्यांना सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाब निकालात या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. २०१५ मध्ये केबल टीव्हीचे नियम बदलले. आता अशी कारवाई संपेपर्यंत नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच दाखवता येते. कॅमेरा कुठे लावायचा आणि दृश्य कधी सोडायचं हे माणूस ठरवतो. त्या निर्णयावर जीव अवलंबून असतात.

'रवांडा अडाण्यांचा होता.' हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. आरटीएलएम हे रेडिओ केंद्र जुलै १९९३ मध्ये सुरू झालं. एप्रिल १९९४ पासूनच्या सुमारे शंभर दिवसांत तिथे अंदाजे आठ लाख माणसं मारली गेली. हे केंद्र तुत्सी या तिथल्या अल्पसंख्य समाजाला झुरळं म्हणायचं, माणसांची नावं सांगायचं, ती कुठे लपली आहेत आणि कोणत्या नंबरच्या गाडीतून निघाली आहेत हेही सांगायचं. ते उभारणाऱ्यांपैकी फर्दिनां नाहिमाना हा इतिहासाचा प्राध्यापक होता. डिसेंबर २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्याला दोषी ठरवलं. सगळा संहार रेडिओनेच घडवला असं मात्र मी म्हणणार नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने डोंगरांमुळे प्रक्षेपण न पोचलेल्या आणि पोचलेल्या गावांची तुलना केली. हिंसेतल्या सहभागाचा साधारण दहावा हिस्सा या केंद्रामुळे होता, असा त्याचा अंदाज आहे. आठ लाख मृत्यूंपुढे दहावा हिस्सा ही किरकोळ गोष्ट नव्हे.

आणि शिकलेल्यांचं काय? मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या ऐन रात्री आपल्या काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या खोट्या बातम्या दिल्या. त्या पुढे ढकलणारे हात पदवीधरांचेही होते. शेवटी, धोक्याच्या भोंग्याचा आवाज कार्यक्रमांत वापरू नका, असं सरकारला वाहिन्यांना सांगावं लागलं. गोवाही वेगळा नाही. डिसेंबर १९८६ मध्ये राजभाषेच्या वादात इथे माणसं मेली, मार्च २००६ मध्ये सावर्डे-कुडचड्यात दंगल झाली.

'बातमीने काही थांबत नाही.' गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की संघप्रदेश ठेवायचा, यावरच्या १९६७ च्या जनमत कौलाआधी 'गोमन्तक' हे दैनिक विलीनीकरणाच्या बाजूने होतं, तर 'राष्ट्रमत' हे मराठीच दैनिक विरोधात. उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर त्यातच यायचं. लेखणीची झुंज तिखट होती. १६ जानेवारीला मतदान झालं, संघप्रदेशाची बाजू ३४,०२१ मतांनी जिंकली आणि हरलेल्यांनीही निकाल मानला. श्रेय एकट्या वृत्तपत्रांचं नाही. पण दोन्ही बाजूंना भांडायला छापील जागा होती, हे विसरून चालणार नाही. केनियातही निवडणुकीनंतर हिंसा पेटली, तेव्हा जानेवारी २००८ मध्ये एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांनी देश वाचवा अशी एकच हाक पहिल्या पानावर छापली.

'मग बातम्या बंदच ठेवा.' बंद ठेवल्या की अफवेला रान मोकळं. २०१३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगरच्या दंगलीआधी जो व्हिडिओ फिरवला गेला तो पाकिस्तानातल्या सियालकोटमधल्या २०१० च्या हत्येचा होता. तपासून 'हा इथला नाही' असं वेळेत सांगणारं कुणी विश्वासाचं लागतं. 'मडगावात तणाव' एवढीच ओळ वाचून फोंड्यातला माणूसही घाबरतो. 'पोलीस ठाण्याबाहेर जमाव होता, सात वाजता पांगला, बसगाड्या चालू आहेत' हे वाचून तो मुलाला क्लासला पाठवतो. बातमी दोन्ही ओळींत आहे, फक्त दुसरीसाठी बातमीदाराला तिथे जावं लागतं.

रवांडाशेजारच्या बुरुंडीतही हुतू आणि तुत्सी या दोन समाजांत संघर्ष होता. तिथे १९९५ मध्ये सुरू झालेल्या स्टुडिओ इजाम्बो या रेडिओ स्टुडिओने दोन्ही समाजांच्या बातमीदारांच्या जोड्या केल्या. घटना एकच, पडताळणारे दोघे. सासष्टीत किंवा सांग्यात काही घडलं तर आपली मराठी, कोकणी आणि इंग्रजी दैनिकं निदान आकडा, जागा आणि वेळ तरी अशी मिळून तपासू शकतील. त्याला नवा कायदा लागत नाही, संपादकांनी एकमेकांना फोन केला तरी पुरे.