काम शून्य, तरी सीपीयू २५ टक्के!

फाइल शेअरिंगचा प्रोग्रॅम म्हणवणारं हे कार्टं सध्या एकही फाइल पाठवत नाहीये. ना काही येतंय, ना काही जातंय. खाली कोपऱ्यात हिरवी खूण मिरवत 'सर्व फाइल्स अद्ययावत' म्हणून शहाजोगपणे बसलंय. आणि कोणता प्रोग्रॅम किती सीपीयू खातोय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडावा तर यादीत सगळ्यात वर हेच, २५ टक्के! पंचवीसच ना, म्हणणाऱ्यांनी जरा हिशोब करा. टास्क मॅनेजरला चार कोअर (प्रोसेसरचे काम करणारे भाग) दिसत असतील तर २५ म्हणजे एक अख्खा कोअर याने गिळलाय. एकच थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधला कामाचा एक धागा, गरागरा फिरतोय, म्हणून आकडा वर चढत नाही आणि मेला खालीही उतरत नाही.

सपोर्टवाल्यांचं उत्तर तर पाठच आहे: काढून टाका, पुन्हा इन्स्टॉल करा. वा! म्हणजे जुना इंडेक्स, म्हणजे तपासलेल्या फाइल्सची नोंदवही, गेला की शेअर केलेली प्रत्येक फाइल पहिल्या बाइटपासून वाचायची, तुकडे पाडायचे, तुकड्यागणिक हॅश, म्हणजे ओळखीचा आकडा, काढायचा. आधी एक कोअर जळत होता, आता चारही जळू देत. त्यात हे जी फाइल उघडेल ती अँटिव्हायरस आधी तपासणार. दोघं मिळून प्रोसेसर तापवतात आणि दोघांचेही सपोर्टवाले बोट दुसऱ्याकडे दाखवतात.

बरं, कारण बऱ्याचदा अगदीच फालतू निघतं. फोल्डरमध्ये एखादी सतत बदलणारी फाइल पडलेली असते. कुठला तरी लॉग, मेलचा डेटाबेस, नाहीतर व्हर्च्युअल मशीनची (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरची) डिस्क. ४० जीबीच्या डिस्कमध्ये चार बाइट बदलले की हे पठ्ठं अख्खी फाइल पुन्हा वाचायला घेतं. वाचून होईतो ती परत बदललेली. की पुन्हा पहिल्यापासून! ती एक फाइल वगळली की पंखा गप्प होतो.

पण ती फाइल कोणती, हे सांगेल तर शपथ. स्वतःच वाचतोयस ना रे ती, मग नाव सांगायला काय होतं? ते नाही. त्यासाठी आम्ही कोणता प्रोग्रॅम कोणती फाइल उघडतोय ते दाखवणारा प्रोसेस मॉनिटर उतरवायचा, फिल्टर लावायचे आणि धबाधबा पडणाऱ्या हजारो ओळींत कुठलं नाव सारखं येतंय ते डोळे फोडून शोधायचं. नव्या आवृत्तीत काय दिलं, तर गडद थीम आणि गोलगोल आयकॉन. 'आत्ता अमुक फाइल तपासतोय' एवढी एक ओळ दाखवायला यांचा जीव जातो!