आईच्या नावाने ओळखला गेलेला राजा

मध्ययुगीन नॉर्स (म्हणजे नॉर्वे, डेन्मार्क वगैरे उत्तरेकडच्या देशांतल्या) राजांच्या नावापुढे कायम वडिलांचंच नाव लागायचं, असं तुमच्या लेखात म्हटलंय. बहुतेकदा लागायचं, हे खरं. नॉर्वेचा राजा हाराल्ड सिगुर्डसन (म्हणजे सिगुर्डचा मुलगा), त्याचा मुलगा ओलाफ हाराल्डसन, नातू माग्नुस ओलाफसन; दर पिढीला नाव बदलणार, कायमचं आडनाव असं नाहीच. पण याच हाराल्डशी वर्षानुवर्षं लढलेला डेन्मार्कचा राजा स्वेन एस्ट्रिडसन (राज्यकाळ १०४७ ते १०७६) विसरून कसं चालेल? एस्ट्रिड ही त्याची आई! वडील उल्फ काही साधे गृहस्थ नव्हते, यार्ल होते, म्हणजे बडे सरदार. पण एस्ट्रिड ही डेन्मार्कच्या स्वेन फोर्कबिअर्ड राजाची मुलगी आणि डेन्मार्क-इंग्लंडच्या क्नूट राजाची बहीण. गादीवरचा हक्क तिच्या रक्ताचा होता, म्हणून नावही तिचंच. त्यात क्नूटच्याच हुकमावरून उल्फना मारलं गेलं, असं जुनी साधनं सांगतात. एस्ट्रिडबद्दल लेखात एक ओळही नाही, याचं फार वाईट वाटलं. पुढच्या कित्येक पिढ्या डेन्मार्कवर तिच्याच वंशजांनी राज्य केलं. कृपया तिच्यावर स्वतंत्र लेख लिहा.

आइसलँडमध्ये आजही आईचं नाव लावता येतं, तेही त्यात घ्या.