श्रीरामपूरचं बॅप्टिस्ट चर्च कंपनीने आणलं नव्हतं

बंगालमधल्या श्रीरामपूरच्या बॅप्टिस्ट (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) चर्चबद्दल एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे. त्यात म्हटलंय की, ईस्ट इंडिया कंपनीनेच धर्मप्रसारासाठी विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्याला आणलं, पहिला धर्मांतरित माणूस पैसे देऊन फोडला आणि सगळा खर्च कंपनीच्या तिजोरीतून झाला.

कंपनीने आणलं? कंपनीला मिशनरी नकोच होते. धर्माला हात लावला तर लोक बिथरतील आणि व्यापार बुडेल, ही तिची धास्ती. कंपनीचा परवाना नसल्याने 1793 मध्ये कॅरीला इंग्लिश जहाजावरून उतरावं लागलं, तो डॅनिश जहाजाने आला. 1799 मध्ये आलेले त्याचे सहकारी मिशनरी मार्शमन आणि वॉर्ड थेट श्रीरामपूरला उतरले, कारण ते गाव डेन्मार्कच्या ताब्यात होतं आणि तिथला गव्हर्नर ओले बी याने त्यांना आसरा दिला. 1800 च्या जानेवारीत कॅरी तिथे पोचला, एप्रिलमध्ये मंडळी, म्हणजे हे चर्च, स्थापन झाली. वेल्लोरच्या शिपायांच्या 1806 च्या बंडानंतर तर कंपनी सरकारने मिशनचा छापखाना कलकत्त्याला हलवण्याचा हुकूम काढला, तो पुढे मागे घ्यावा लागला. मिशनऱ्यांना कायद्याने वाट मिळाली ती कंपनीच्या 1813 च्या सनदेने, म्हणजे चर्च उभं राहून तेरा वर्षं झाल्यावर. परकी सत्तेचा आधार होता हे खरंच, पण तो डेन्मार्कचा.

पहिला धर्मांतरित म्हणजे कृष्ण पाल, हा सुतार. घसरून पडल्याने त्याचा खांदा निखळला, मिशनचे डॉक्टर जॉन थॉमस यांनी तो बसवला, तिथून ओळख वाढली. 22 डिसेंबर 1800 रोजी तो आणि त्याचा सोबती गोकुळ मिशनऱ्यांच्या पंगतीला जेवले. जात मोडली म्हणून जमाव खवळला आणि दोघांना ओढत डॅनिश न्यायाधीशापुढे घेऊन गेला. न्यायाधीशाने त्यांना सोडून दिलं. 28 तारखेला हुगळी नदीत बाप्तिस्मा घेताना गोकुळ मागे सरला, कृष्णाच्या घरच्या बायकाही थांबल्या. पाण्यात उतरला तो एकटा कृष्ण आणि कॅरीचा मुलगा फेलिक्स. पैशाने ठरलेला व्यवहार असता तर माणसं अशी ऐनवेळी कचरली नसती. त्या सुताराने जातभाईंचा रोष पत्करून घेतलेला निर्णय लाच म्हणून उडवून लावणं मला संतापजनक वाटतं.

कंपनीच्या तिजोरीच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे. 1801 पासून कॅरी कंपनीच्या अधिकाऱ्यांसाठी असलेल्या कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवत होता, सुरुवातीला महिना 500 रुपयांवर. पुढे तो मराठीही शिकवू लागला. त्याचं 1805 चं मराठी व्याकरण आणि 1810 चा मराठी कोश याच कामातून निघाले. पगारातला बराचसा भाग मिशनच्या सामाईक निधीत जाई. पण तो शिकवण्याचा मोबदला होता, धर्मप्रसाराचं अनुदान नव्हे. शिवाय त्याच निधीत हॅना आणि जोशुआ मार्शमन यांच्या निवासी शाळांची आणि वॉर्डच्या छापखान्याची कमाईही पडत होती. मिशनची पहिली वर्गणी तर 1792 मध्ये इंग्लंडातल्या केटरिंग या छोट्या गावी बॅप्टिस्ट पाळकांनी आपसात ठरवली होती: 13 पौंड, 2 शिलिंग, 6 पेन्स.