पाणी की कापूस? आंबोलीच्या फोटोंवरच्या कमेंटला उत्तर

दादा, नमस्कार.

तुमची कमेंट परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर टाइप करायला बसले होते, पण म्हटलं आधी रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातून आलेल्या, एडिट न केलेल्या मूळ फाइल्स) उघडून बघू, नाहीतर नुसतं शब्दाला शब्द होईल. म्हणून दोन दिवस गेले.

नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. आंबोली घाटातल्या एका ओढ्याचे जुलैतले चार फोटो मी टाकले होते, चारही फोटोंना एडिटिंगमध्ये कमीजास्त ग्लो, म्हणजे मऊ धुरकट चमक, दिलेला. तुम्ही लिहिलंत की ताई, हे पाणी आहे का पिंजलेला कापूस, दगडसुद्धा साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत झालेत, आम्ही सावंतवाडीचे, लहानपणापासून हा घाट बघतोय, असं पाणी कधी दिसलं नाही. आणि शेवटी, कॅमेऱ्यात आलं तेच दाखवा, एडिटिंग करून लोकांना फसवू नका.

यातलं बरंचसं मला पटलंय. सगळं नाही.

आधी दगडांचं बोलते. पहिल्या फोटोत पुढ्यातच तो काळा ओला कातळ आहे, कॅमेऱ्यापासून जेमतेम चार फुटांवर, आणि तो खरोखर धुरकटलाय. ग्लो म्हणजे काय, तर त्याच फोटोची एक कॉपी घ्यायची, ती उजळ करायची, ब्लर करायची आणि मूळ फोटोवर पातळ करून पसरायची. आता त्या ब्लरला जवळचं काय आणि लांबचं काय हे कळत नाही, त्याला फक्त उजेड कळतो, जिथं पांढरं आहे तिथला उजेड शेजारच्या काळ्यावर सांडतो. खरं धुकं असं वागतच नाही. घाटात धुकं उतरलं की समोरची झाडं फिकी, त्यामागची अजून फिकी, दरी तर दिसेनाशीच, पण पायाजवळच्या दगडावरच्या शेवाळाचा मात्र तुम्हाला अगदी तंतू न् तंतू वेगळा दिसतो, उलट ओला असल्यामुळे दगड नेहमीपेक्षा जास्तच काळा दिसतो. धुकं अंतराने वाढतं, ग्लो उजेडाने वाढतो. ज्याने आयुष्यभर घाट बघितलाय त्याला हे लगेच खटकणार आणि तुम्हाला ते खटकलं. मी तिथं मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग झाकून, कातळावरचा ग्लो पुसायला हवा होता, लावला नाही, चूक माझी.

पाण्याचंही तसंच. तो फोटो पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) आणि तीन स्टॉपचा एनडी (उजेड एक अष्टमांश करणारा काळा फिल्टर) लावून घेतलेला आहे, शटर एक सेकंद उघडं. एका सेकंदात पाणी कितीतरी खाली जातं त्यामुळे थेंब वगैरे काही उरत नाहीत, उरतात त्या फक्त धारांच्या रेघा, कुठं दाट कुठं विरळ, आणि त्या रेघांवरूनच बघणाऱ्याला कळतं की पाणी दगडाच्या कुठल्या अंगाने वळलंय, कुठं आपटलंय, कुठं नुसतं ओघळलंय. म्हणजे पाणी शटरनेच मऊ झालेलं असतं. त्यावर पुन्हा ब्लर केलेली कॉपी ठेवली की त्या पाण्याला नवीन काहीच मिळत नाही, जातात त्या रेघा. हायलाइट्स, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, आधीच काठावर होते, ग्लोने ते पार वर ढकलले आणि मधला सगळा पट्टा एकसारखा पांढरा झाला. तुम्ही त्याला कापूस म्हणालात. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) पुन्हा उघडून बघितला, उजव्या, म्हणजे पांढऱ्याच्या, भिंतीला चिकटलेला आहे.

आणि तिसरा फोटो. याबद्दल तुम्ही वेगळं काही लिहिलं नव्हतं, पण रॉ फाइल उघडल्यावर मलाच वाईट वाटलं. त्या दिवशी सकाळी जोराची सर येऊन गेली होती, ओढ्याला लाल मातीचा रंग होता, फिक्या चहासारखा, फेसातसुद्धा तांबूस झाक होती. टाकलेल्या फोटोत पाणी दुधासारखं पांढरं आहे. मी रंगाला मुद्दाम हात लावला नव्हता. पण ग्लोचा लेयर (वरचा थर) मी स्क्रीन मोडमध्ये, म्हणजे खालचं चित्र उजळवणाऱ्या पद्धतीत, ठेवला होता आणि स्क्रीन मोड लाल हिरवा निळा तिन्ही चॅनेल वर उचलतो, त्यामुळे फिका रंग असेल तिथं तिघंही वरच्या टोकाजवळ जाऊन एकमेकांच्या जवळ येतात आणि रंग धुऊन निघतो. फिका तांबूस असा पांढरा होतो. पावसाळ्यात सह्याद्रीतला ओढा बहुधा गढूळ असतो, त्यात वरची माती असते, जुलैच्या ओढ्याची ती ओळख आहे आणि मी ती पुसून टाकली. फसवणूक हा शब्द तुम्ही वापरलात तेव्हा मला लागला होता, पण या एका फोटोपुरता तो मला मान्य आहे. कोणी हा फोटो बघून जुलैत तिथं गेलं तर त्याला ते पांढरं पाणी मिळणार नाही. तसं निवळलेलं पाणी बघायचं तर सप्टेंबर-ऑक्टोबरात जावं लागतं, तेव्हा मात्र धार बारीक झालेली असते.

आता जे पटलं नाही ते.

“कॅमेऱ्यात आलं तेच दाखवा.” दादा, एक सेकंदाचं पाणी डोळ्याला कधीच दिसत नाही, ते कॅमेऱ्यातच आलेलं असतं. आणि १/२००० सेकंदाला गोठवलेलं पाणी, ज्यात प्रत्येक थेंब काचेच्या मण्यासारखा हवेत लटकलेला असतो, तेही डोळ्याला दिसत नाही. तरी दुसऱ्याला कोणी खोटं म्हणत नाही कारण ते धारदार असतं, आणि धारदार म्हणजे खरं अशी आपली एक समजूत झालेली आहे. तुमचं वाक्य तंतोतंत पाळायचं ठरवलं तरी शटर किती ठेवायचं हे मला ठरवावंच लागतं, आणि तिथंच अर्धा फोटो ठरून जातो.

दुसरं असं की तुम्ही दुसऱ्या फोटोबद्दल लिहिलंत, “इथं तर एडिटिंगचा कहर आहे”. तोच ना, ज्यात वरून उजेड येतोय आणि झाडांच्या फांद्यांभोवती वलय आहे? त्या फोटोवर ग्लोचा लेयर फक्त पाच टक्के आहे, नसल्यात जमा. ते वलय कॅमेऱ्यातच आलंय. एसी गाडीतून उतरून थेट त्या दमट हवेत कॅमेरा काढला, फिल्टरवर बाष्प धरलं, वर धबधब्याचे तुषार, मी पुसत होते आणि ते परत धरत होतं, त्यातली एक फ्रेम मला आवडली म्हणून ठेवली. पूर्वी लोक फिल्टरला व्हॅसलीन चोळायचे, तशातलाच हा प्रकार. म्हणजे ज्याला तुम्ही कहर म्हणालात ते जवळजवळ सगळं कॅमेऱ्यातलं आणि तिसरा फोटो, जो खरोखर चुकला होता, तो नजरेतून सुटला. तुम्हाला खोटं पाडायचं म्हणून हे लिहीत नाहीये. कॅमेऱ्यातलं आणि कॉम्प्युटरवरचं अशी रेघ मारून खरं-खोटं वेगळं होत नाही एवढंच मला म्हणायचंय. मी रेघ मारते ती अशी, की त्या जागेबद्दल बघणाऱ्याची समजूत चुकते का. वलयाने चुकत नाही, कारण त्या सकाळी तिथं उभं राहिल्यावर सगळं तसंच ओलं आणि झिरपलेलं वाटत होतं. तांबड्या पाण्याचं पांढरं केल्याने चुकते.

ज्या ग्लोबद्दल आपण बोलतोय त्याला ऑर्टन इफेक्ट म्हणतात, मायकल ऑर्टन या कॅनडातल्या फोटोग्राफरने १९८० च्या दशकात स्लाइड फिल्मवर (पारदर्शक फिल्मवर) तो शोधून काढला. एकाच दृश्याच्या दोन स्लाइड, एक शार्प आणि एक मुद्दाम आउट ऑफ फोकस, दोन्ही जास्त एक्स्पोज केलेल्या, म्हणजे जास्त उजेड देऊन घेतलेल्या, एकावर एक ठेवून एकच चित्र. जास्त एक्स्पोज का, तर दोन स्लाइड एकावर एक ठेवल्या की उजेड दोन्हीतून गाळून येतो आणि चित्र काळवंडतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण त्याच्या मूळ पद्धतीत उजेडाइतकाच अंधारही पसरतो, सावल्या दाट आणि रंग भरलेले राहतात. फोटोशॉपात त्याच्या जवळ जायचं तर वरचा ब्लर लेयर मल्टिप्लायला, म्हणजे खालचं चित्र गडद करणाऱ्या मोडला, ठेवावा लागतो. आपण आता एका क्लिकचे प्रीसेट (तयार सेटिंग) वापरतो, त्यातल्या बऱ्याच प्रीसेटमध्ये नुसता उजेड वाढतो, आणि मीही तेच केलं होतं. म्हणजे दोष इफेक्टचा कमी आणि तो कसा लावला त्याचा जास्त.

आणि मऊ विरुद्ध धारदार हे भांडण तर खूप जुनं आहे. १९३२ साली कॅलिफोर्नियात अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे फोटोग्राफर मंडळींनी एफ/६४ नावाचा गट केला तो मऊ, चित्रासारख्या फोटोंच्या विरोधातच. पण हेच अ‍ॅडम्स डार्करूममध्ये प्रिंटचा एकेक भाग उजळ-गडद करण्यात केवढी मेहनत घ्यायचे. एडिटिंग म्हणजे फसवणूक हे त्यांनाही मान्य झालं नसतं असं मला वाटतं.

ग्लो मी सोडणार नाही. पावसाळी जंगलात पानांवरून येणारा उजेड, लांबच्या कड्यावरून दरीत उतरणारी धार, ठोसेघरला समोरच्या गॅलरीतून बघताना मधे जे सगळं वाफाळलेलं असतं ते, अशा ठिकाणी मला तो हवाच आहे, कारण तिथं डोळ्यालाही मऊच दिसतं. पण वाहत्या पाण्यावर तो आता मी जवळजवळ काढूनच टाकणार आहे, आणि पुढ्यातल्या दगडावर अजिबात नाही.

काल रात्री बसून हे सगळं परत केलं. पहिल्या फोटोसाठी एक सेकंदाची फ्रेम बाजूला ठेवली आणि एनडी काढून फक्त पोलरायझरवर घेतलेली १/८ सेकंदाची फ्रेम घेतली, तिच्यात धारा वेगवेगळ्या दिसतात. ग्लो फक्त मागच्या झाडांवर, बारा टक्के, मल्टिप्लायमध्ये. तिसऱ्या फोटोतला ग्लो पूर्ण काढला, पाण्याचा रंग होता तसा परत आलाय. दुसरा आणि चौथा तसेच ठेवलेत. जुने दोन्ही फोटो डिलीट केलेले नाहीत, खाली शेजारी शेजारी लावलेत म्हणजे तुम्हाला आणि इतरांना फरक बघता येईल.

पहिल्या फोटोत डावीकडे खाली कातळाला एक आडवी भेग आहे आणि तिच्यात नेच्याची दोन छोटी पानं आलीत. आधीच्या एडिटमध्ये ती दिसतच नव्हती. मोबाइलवर नको, मोठ्या स्क्रीनवर बघा आणि पाण्याचा रंग तुमच्या ओळखीचा वाटतो का ते नक्की लिहा.