‘कामगाराचा निष्काळजीपणा’ लिहून मिटवलेली चौकशी

अपघात नोंदवायच्या फॉर्मवर ‘कारण’ नावाचा एक रकाना असतो, जेमतेम बोटभर रुंद. त्यात मावेल असं उत्तर कारखान्यात कायम तयार असतं: कामगाराचा निष्काळजीपणा. सेफ्टी विभागात असताना मी स्वतः हे शब्द किती वेळा लिहिले, याची गणती नाही. म्हणूनच सध्या मोबाईलवर फिरणारा तो मेसेज वाचून राग येण्याआधी मला ओशाळल्यासारखं झालं.

मेसेज थोडक्यात असा: ‘८८ टक्के अपघात कामगारांच्याच चुकीमुळे होतात, हे संशोधनाने सिद्ध झालंय. कंपनी हेल्मेट देते, बूट देते, ट्रेनिंग देते, प्रमाणपत्रं घेते. आणखी काय करायचं? नियमांचं ओझं वाढवलं की उद्योग बुडतात. आपला जीव सांभाळणं आपल्याच हातात असतं.’

आधी तो ८८ चा आकडा. तो हवेतून आलेला नाही. एच. डब्ल्यू. हाइनरिक हे अमेरिकेतल्या एका विमा कंपनीत नोकरीला होते. १९३१ साली त्यांनी सुमारे ७५ हजार अपघातांच्या नोंदींवरून हिशेब मांडला: ८८ टक्के माणसाच्या चुकीच्या कृतीमुळे, १० टक्के यंत्र किंवा जागेच्या दोषामुळे, २ टक्के अटळ. पण या नोंदी आल्या कुठून? काही विमा दाव्यांच्या फायलींतून आणि बहुतेक कारखानदारांच्या दप्तरातून. म्हणजे ज्याच्यावर बोट रोखलं जाऊ शकतं, त्याच्याच घरचे कागद. शिवाय प्रत्येक अपघाताच्या खात्यावर एकच मुख्य कारण मांडायचं, ही पद्धत. माझा फॉर्म आणि हाइनरिक यांचा आकडा एकाच कुळातले आहेत.

माझ्याच फॉर्मचं सांगतो. एका कारखान्यात (नाव नको) पॅकिंग मशीनच्या गार्डला, म्हणजे संरक्षक झाकणाला, इंटरलॉक होता. झाकण उघडलं की मशीन बंद. ऑपरेटरने सेन्सरला बटणाएवढा लोहचुंबक चिकटवला होता, त्यामुळे झाकण उघडं असलं तरी मशीनला ते लावलेलंच वाटायचं. एकदा अडकलेली पिशवी ओढताना त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. मी रकाना भरला, त्याला मेमो मिळाला, फाईल बंद झाली. तो चुंबक तिथे आला कशासाठी, हे फॉर्ममध्ये विचारलेलं नव्हतं. मीही विचारलं नाही.

मोठ्या दुर्घटनांतही हेच होतं, फक्त फाईल जाड असते. भोपाळमध्ये २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० नंबरच्या टाकीत पाणी शिरलं आणि मिथाइल आयसोसायनेट वायू बाहेर पडला. युनियन कार्बाइडने पुढे म्हणणं मांडलं की कुणा असंतुष्ट कामगाराने मुद्दाम पाणी सोडलं. वादापुरतं हेही खरं धरून चालू. तरी ते रसायन थंड ठेवणारी शीतयंत्रणा कित्येक महिन्यांपासून बंद होती. वायू धुऊन काढणारा स्क्रबर नुसताच उभा होता. उरलासुरला वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याकडे जाणारा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. हे तिन्ही बंद ठेवून टाकी भरलेली ठेवायची, हा निर्णय पाना फिरवणाऱ्या माणसाच्या पातळीवर होत नाही.

आणि हा ८८ टक्क्यांचा हिशेब फक्त अपघातांचा आहे, आजारांचा नाहीच. ॲस्बेस्टॉसची धूळ छातीत गेल्यावर कॅन्सर दिसायला वीस, तीस, चाळीस वर्षं लागतात. त्यात त्या माणसाची ‘चूक’ कुठल्या दिवशी झाली म्हणायची? श्वास घेतला त्या दिवशी? १९३५ साली रेबेस्टोस-मॅनहॅटन या अमेरिकन कंपनीचे प्रमुख समनर सिम्पसन यांनी दुसऱ्या ॲस्बेस्टॉस कंपनीच्या वकिलाला लिहिलेलं पत्र पुढे कोर्टात बाहेर आलं. ॲस्बेस्टॉसबद्दल जितकं कमी बोललं जाईल तितकं आपल्या भल्याचं, असा त्याचा आशय. आता कुणाला निष्काळजी म्हणायचं ते वाचणाऱ्याने ठरवावं.

हेल्मेट-बुटांचं म्हणाल तर या व्यवसायात पहिल्याच आठवड्यात शिकवतात की धोका आवरायचे पाच मार्ग आहेत आणि त्यांना क्रम आहे. शक्य असेल तर धोकाच काढून टाका. नाही जमलं तर कमी घातक वस्तू वापरा. तेही नाही तर गार्ड, धूळ ओढणारे पंखे अशी यांत्रिक सोय करा. मग कामाच्या पद्धती, परमिट, ट्रेनिंग. सगळ्यात शेवटी हेल्मेट, मास्क, हातमोजे. मेसेजमध्ये कंपनीच्या नावावर जमा केलेल्या वस्तू नेमक्या शेवटच्या दोन पायऱ्यांवरच्या आहेत. वरच्या तिन्ही पायऱ्यांना पैसा आणि सहीचा अधिकार लागतो, आणि कामगाराकडे यातलं काहीच नसतं.

मेसेजमध्ये नाही, पण त्याच्या आगेमागे नेहमी येणारा एक मुद्दा म्हणजे गेटवरचा बोर्ड: ‘आज इतके दिवस अपघात नाही’. अमेरिकेत टेक्सास सिटी इथल्या, बीपी या तेल कंपनीच्या रिफायनरीची गोष्ट या बोर्डाशेजारी टांगायला हवी. २३ मार्च २००५ ला तिथे महिनाभर कामाचा एकही दिवस दुखापतीमुळे बुडला नाही म्हणून ठेकेदाराच्या माणसांना मेजवानी होती. ते आपल्या तात्पुरत्या ऑफिसच्या ट्रेलरमध्ये परतले. जवळच्या युनिटमध्ये एक उंच टॉवर मर्यादेबाहेर भरत चालला होता, आणि लेव्हल दाखवणारा काटा मात्र पातळी उतरतेय असं सांगत होता. वरच्या पातळीचा अलार्म वाजलाच नाही. कंट्रोल रूममध्ये बसलेला ऑपरेटर बारा तासांची ड्युटी सलग २९ दिवस करत होता. द्रव उसळून जुन्या पद्धतीच्या चिमणीतून बाहेर पडला. तिथे वायू जाळणारा फ्लेअर बसवायच्या सूचना आधी येऊन बाजूला पडल्या होत्या. भडका उडाला. १५ माणसं गेली, सगळी ट्रेलरमधली किंवा आसपासची. घसरून पडणं, बोट कापणं हे मोजणारा बोर्ड टॉवरबद्दल काही सांगत नाही. ऑपरेटरने चुका केल्या का? केल्या, तपासातही आहेत. पण सदोष काटा, न वाजणारा अलार्म आणि महिनाभर सुट्टी न मिळालेला माणूस एकत्र बसवले की कुठल्या तरी दिवशी चूक ठरलेलीच, आणि ही जुळवाजुळव त्याने केली नव्हती.

प्रमाणपत्रांवर फार शाई घालवत नाही. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये कामगारांच्या परिस्थितीबद्दलचं एसए ८००० हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. ११ सप्टेंबरला तिथे आग लागली आणि २५० हून अधिक माणसं मेली. आग मुद्दाम लावली होती, असा निकाल पुढे कोर्टाने दिला, हेही सांगायला हवं. पण खिडक्यांना गज होते आणि बाहेर पडायची दारं बंद होती, हे काम आग लावणाऱ्याचं नव्हतं. पर्यावरणातही हाच खेळ: फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर आवरायचं. २०१५ मध्ये ते उघड झालं. तोवर कागद स्वच्छ होते.

राहिलं ‘उद्योग बुडतात’. २०१० मध्ये बीपीच्या समुद्रातल्या तेलविहिरीवर, डीपवॉटर होरायझन या प्लॅटफॉर्मवर झालेल्या स्फोटात ११ माणसं गेली, आणि बीपीचा एकूण खर्च ६५ अब्ज डॉलरच्या वर गेला. उलट बाजूला पॉल ओ’नील. १९८७ साली ते अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीचे प्रमुख झाले आणि गुंतवणूकदारांपुढच्या पहिल्याच भाषणात नफा सोडून कामगारांच्या सुरक्षिततेवर बोलले. ऐकणाऱ्यांपैकी एकाने तर आपल्या ग्राहकांना लगेच शेअर विकायला सांगितलं. काही महिन्यांत ॲरिझोनातल्या प्लांटमध्ये एक तरुण कामगार यंत्रात सापडून मेला. तो गार्ड ओलांडून आत गेला होता, त्यामुळे रकाना भरायला सोपं होतं. ओ’नील यांनी वरिष्ठांना बोलावून सांगितलं की हा माणूस आपण मारला, हे माझ्या नेतृत्वाचं अपयश आहे. २००० साली त्यांनी पद सोडलं तेव्हा कंपनीचा वार्षिक नफा सुमारे पाचपट झाला होता. तो फक्त सुरक्षिततेमुळे वाढला असं मी म्हणणार नाही. पण बुडाली नाही, एवढं नक्की.

शेवटचं वाक्य, ‘जीव सांभाळणं आपल्याच हातात’. यात तथ्य आहे. दारू पिऊन क्रेनवर चढणारा, दटावलं तरी बेल्ट न लावणारा मी पाहिलाय, त्याची बाजू घेणार नाही. पण हातात असणं म्हणजे काम थांबवण्याची मुभा असणं. १९८८ साली उत्तर समुद्रात पायपर अल्फा हा तेलाचा प्लॅटफॉर्म पेटला. त्याच पाइपलाइनला जोडलेल्या शेजारच्या प्लॅटफॉर्मांवरून ज्वाळा दिसत होत्या, तरी तिथून काही वेळ तेल सोडणं चालूच राहिलं, कारण उत्पादन बंद करायचा निर्णय आपल्या अंगावर घ्यायला कुणी तयार नव्हतं. १६७ माणसं गेली. तिथल्या साहेबांचा हात स्विचपर्यंत जात नव्हता, तर माझ्या पॅकिंगवाल्याचा कुठून जाणार?

त्याच्या अपघातानंतर पाच महिन्यांनी दुसऱ्या मशीनवर तसाच चुंबक सापडला. या वेळी मेमो न काढता मी शेजारी स्टूल टाकून बसलो. एका शिफ्टमध्ये पिशवी ३१ वेळा अडकली. दर वेळी झाकण उघडून मशीन पुन्हा चालू करायला दीड-दोन मिनिटं. जवळजवळ तास जात होता, टार्गेट तेवढंच होतं, आणि बंद वेळ ऑपरेटरच्या नावावर लागत होती. पिशवी का अडकते विचारलं तर म्हणाला, ‘साहेब, प्लास्टिक पातळ आलंय ना, तेव्हापासून.’ खरेदी विभागाने स्वस्त पडतं म्हणून माल बदलला होता. जुनी पिशवी परत आणायला मला तीन बैठका लागल्या. ती आल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा गेलो तेव्हा सेन्सर मोकळा होता, आणि चुंबकाने नोटीस बोर्डावर शिफ्टचा तक्ता अडकवलेला होता.